घर आणि आरोग्य : निर्वासितांच्या वस्त्या काय शिकवतात?

भांडुपहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसले की आधी नाहूर आणि मग मुलुंड लागते. मुलुंडच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याजवळच्या वस्तीला आजही 'मुलुंड कॉलनी' म्हणतात. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वस्ती. त्याच मार्गाने कल्याण ओलांडून पुढे गेले की उल्हासनगर येते. तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सुमारे एक लाख निर्वासितांना तेथे आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीच्या जागी नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली आणि उल्हास नदीवरून नगराला नाव मिळाले. जुनी माणसे मात्र अजूनही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असेच पत्ते सांगतात.

आता भांडुपमध्येच पाहू. मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी मुलुंड, भांडुप, घाटकोपर या भागांतून जाते. तिच्या कडेला अनेक वर्षे झोपड्या होत्या. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी न्यायालयाच्या आदेशानुसार त्या हटवल्या गेल्या आणि तिच्या काठच्या हजारो कुटुंबांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, माहुल येथील इमारतींत घरे देण्यात आली. झोपडीच्या जागी पक्के घर मिळाले, म्हणजे प्रकृती सुधारायला हवी. परंतु माहुलमध्ये गेलेली माणसे आजारपणाच्या तक्रारी घेऊन न्यायालयात गेली. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना घर म्हणजे शरीराच्या दृष्टीने नेमके काय, याचाच विचार करावा लागतो. या लेखात तो तीन शब्दांच्या आधारे करू : भिंत, दार आणि पत्ता.

निर्वासित आणि विस्थापित

प्रथम शब्दांचे अर्थ स्पष्ट करून घेऊ. छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडून दुसऱ्या देशात आश्रय घेणारा तो निर्वासित. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याची व्याख्या केलेली आहे. भारताने या करारावर सही केलेली नाही, तरी फाळणीचे निर्वासित, तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ अशा अनेकांना आश्रय दिला आहे. युद्ध, दंगल, पूर, भूकंप किंवा एखादा प्रकल्प यांमुळे ज्याला आपल्याच देशात घर सोडावे लागते तो विस्थापित. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घर सोडावे लागलेल्यांची संख्या १२ कोटींहून अधिक होती. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक स्वतःच्याच देशात होते.

जलवाहिनीकाठचा भांडुपकर आणि १९४८ साली कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेला सिंधी यांची दुःखे सारखी नाहीत. कायद्याच्या दृष्टीनेही ते वेगळे आहेत. परंतु 'घर गेल्याने शरीराचे काय होते' हा शास्त्राचा प्रश्न दोघांनाही लागू पडतो.

भिंत : जागा, हवा आणि ऊन

घराचे पहिले काम ऊन, पाऊस आणि थंडी यांपासून रक्षण करणे. पण भिंती जसे रक्षण करतात तशीच त्या हवा कोंडूनही ठेवतात. छावणीत थोड्या जागेत पुष्कळ माणसे राहतात, तेव्हा हा दुसरा परिणाम महत्त्वाचा ठरतो.

एक सोपे गणित करू. दहा बाय दहाची खोली घ्या. तिची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३ मीटर धरली तर घनफळ २७ घनमीटर होते. तीत पाच माणसे झोपली आहेत. विश्रांतीच्या स्थितीत एक माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पाच माणसांचा होतो ९० लिटर, म्हणजे ०.०९ घनमीटर. खोलीतील हवा तासातून एकदाच पूर्ण बदलत असेल, तर रात्रभरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा ०.०९ भागिले २७, म्हणजे ०.३३ टक्क्यांनी जास्त होऊन स्थिरावते.

एवढा कार्बन डायऑक्साइड काही विषारी नव्हे. पण त्यावरून एक वेगळी गोष्ट कळते. आपण सोडलेल्या श्वासात हा वायू सुमारे ४ टक्के असतो. खोलीच्या हवेत तो ०.३३ टक्के जास्त असेल, तर त्या हवेचा सुमारे बारावा भाग कोणाच्या तरी फुप्फुसातून आधीच फिरून आलेला आहे. म्हणजे दर बारा श्वासांत एका श्वासाएवढी हवा उष्टी! आता समोरासमोर दोन खिडक्या उघडल्या आणि हवा तासातून सहा वेळा बदलू लागली, तर हेच प्रमाण सुमारे सत्तर श्वासांत एक इतके उतरते. औषध नाही, खर्च नाही, फक्त वारा.

क्षयरोगाच्या प्रसारात या उष्ट्या हवेला फार महत्त्व आहे. रुग्ण खोकला की जंतू असलेले अतिसूक्ष्म तुषार हवेत पसरतात आणि कोंदट खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. वारा त्यांना विरळ करतो आणि उन्हातील अतिनील किरण जंतूंना मारतात. म्हणून ज्या घरात वारा आणि ऊन येत नाही ते घर पक्के सिमेंटचे असले तरी क्षयाला सोयीचे असते.

याचे उदाहरण मुंबईतच आहे. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांमुळे हटवलेल्या कुटुंबांसाठी मानखुर्द-गोवंडी भागात वसाहती बांधण्यात आल्या. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांसह तेथील तीन वसाहतींचा अभ्यास केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथे उंच इमारती एकमेकींना अगदी खेटून उभ्या आहेत. तिसऱ्या, पीएमजीपी वसाहतीत इमारतींमध्ये मोकळी जागा अधिक आहे. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण तिसरीपेक्षा बरेच जास्त आढळले, आणि घरात पोचणारा उजेड व वारा यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला. दोन इमारतींमधल्या अरुंद फटीत खालच्या मजल्यांवर आकाशच दिसत नाही, मग ऊन कोठून येणार?

दाटीचा दुसरा परिणाम गोवरात दिसतो. पीटर ऑबी या डॅनिश संशोधकाने पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशात १९७८ पासून मुलांच्या आरोग्याची पाहणी केली. गोवराने मुले दगावतात ती मुख्यतः कुपोषणाने, अशी तेव्हा समजूत होती. ऑबी यांना असे दिसले की घराबाहेर कोठेतरी गोवर लागलेल्या पहिल्या मुलापेक्षा, त्याच्याजवळ झोपणाऱ्या भावंडाला होणारा गोवर अधिक घातक ठरतो. त्यांचा निष्कर्ष असा की दाटीमुळे विषाणूंची मोठी मात्रा शरीरात जाते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली ती गोवंडीच्या दाट वस्तीतून सुरू झाली. लसीकरण अपुरे असणे हे तिचे मोठे कारण होतेच, पण अपुऱ्या लसीकरणाला दाटीची जोड मिळाली.

हे सारे लक्षात घेऊन मदतकार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी 'स्फिअर' नावाने काही किमान मापे ठरवली आहेत. छताखाली माणशी निदान साडेतीन चौरस मीटर जागा, माणशी रोज १५ लिटर पाणी, एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसे नकोत आणि २० माणसांमागे एक शौचालय. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत या मापाने अडीच माणसे बसतात. पाच माणसांची ती खोली निर्वासितांच्या छावणीच्या किमान मापालाही पुरी पडत नाही, हे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.

दार : आपला ताबा

छावणीतील बराकी लांबलचक असत. एका बराकीत अनेक कुटुंबे. मध्ये कोठे पोत्याचा, कोठे साडीचा पडदा. पडद्याला कडी नसते. दार आणि पडदा यांतील फरक आरोग्याच्या दृष्टीने काय?

त्यासाठी ताणाचे शरीरशास्त्र पाहावे लागेल. १९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की थंडी, जखम, विष अशी कारणे वेगवेगळी असली तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. धोका जाणवला की मेंदूतील अधश्चेतक हा भाग पियूषिका ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते. त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. रक्तातील साखर वाढते, शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होते. धोका टळला की सारे पूर्ववत होते. साप दिसला तर ही यंत्रणा प्राण वाचवते.

पण धोका टळलाच नाही तर? शेजारच्या कुटुंबाचे भांडण, रात्री-अपरात्री येणारे अनोळखी माणूस, केव्हाही होणारी तपासणी, सामान चोरीला जाण्याची भीती यांनी ही यंत्रणा दिवसेंदिवस चालूच राहते. झोप तुटक होते, रक्तदाब वाढतो, रक्तातील साखर चढते, रोगप्रतिकारशक्ती मंदावते. ज्याला क्षयाचा संसर्ग आधीच झालेला आहे पण रोग दबलेला आहे, त्याचा रोग प्रतिकारशक्ती कमी होताच उफाळू शकतो. येथे भिंतीचा आणि दाराचा प्रश्न एकमेकांत मिसळतात.

स्त्रियांना दाराचा अभाव अधिक जाचतो. सार्वजनिक शौचालय दूर आणि वाटेवर उजेड नसला की बाया संध्याकाळनंतर पाणी पिणेच टाळतात. लघवी तासन्‌तास रोखून धरली जाते आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. या आजाराचे कारण दवाखान्याच्या कागदावर 'जंतू' असे लिहिले जाईल. वाटेवरच्या दिव्याचा उल्लेख त्यात येणार नाही.

दार म्हणजे केवळ लाकडाची फळी नव्हे. केव्हा उठायचे, काय शिजवायचे, कोणाला आत घ्यायचे हे स्वतः ठरवता येणे म्हणजे दार. ज्या छावण्यांत जेवण सामुदायिक भटारखान्यातून येते आणि दिवस दुसऱ्याच्या घंटेवर चालतो, तेथे पोट भरते पण हा ताबा राहत नाही.

पत्ता : उद्याची खात्री

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. 'येथून आपल्याला कोणी उठवणार नाही' ही खात्री म्हणजे पत्ता.

२००५ साली पोर्टर आणि हॅस्लम या संशोधकांनी निर्वासितांच्या मानसिक आरोग्यावरील ५६ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत २२,००० हून अधिक निर्वासित आणि त्यांच्याशी तुलनेसाठी घेतलेले ४५,००० इतर लोक होते. निर्वासितांचे मानसिक आरोग्य इतरांपेक्षा खालावलेले होते, हे अपेक्षितच होते. पण सगळ्याच निर्वासितांत ते सारखे खालावले नव्हते. सामुदायिक, संस्थात्मक निवासात ठेवलेल्यांची आणि कामधंद्याची संधी नसलेल्यांची स्थिती अधिक वाईट होती. कायमच्या, खाजगी घरात राहणाऱ्यांची त्या मानाने बरी होती. याचा अर्थ असा की युद्धात जे भोगले तेवढ्यावरच सारे ठरत नाही. आश्रय मिळाल्यानंतर कसे राहावे लागले, यावरही पुष्कळ अवलंबून असते. घडून गेलेले आपण बदलू शकत नाही, पण नंतरचे आपल्या हातात असते. म्हणूनच हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

ऑस्ट्रेलियात काही निर्वासितांना कायमचा आणि काहींना तात्पुरता परवाना मिळाला होता. तेथील अभ्यासांतही तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांमध्ये नैराश्य आणि भीतीचे विकार अधिक आढळले.

आपल्याकडे फाळणीच्या निर्वासितांसाठी १९५४ साली नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा झाला. पाकिस्तानात मालमत्ता गमावलेल्यांना येथे भरपाई मिळण्याची आणि ते राहत असलेल्या सरकारी जागा त्यांच्या मालकीच्या होण्याची वाट त्याने मोकळी केली. उल्हासनगरात अशा मालकीच्या कागदाला 'सनद' म्हणतात. हातात सनद आली की माणूस भिंतीला गिलावा करतो, खिडकी पाडतो, शौचालय बांधतो, मुलाला शाळेत घालतो. जागा उद्या जाणार असेल तर खिडकीवर कोण खर्च करील? अशा रीतीने पत्त्याचा परिणाम फिरून भिंतीवर होतो.

माहुलच्या बाबतीत काय झाले ते आता समजेल. शेजारी तेलशुद्धीकरणाचे व रसायनांचे कारखाने. त्या भागातील दूषित हवेने आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. म्हणजे भिंती पक्क्या, पण आत येणारी हवा वाईट. शिवाय कामाची जागा, शाळा, ओळखीचा डॉक्टर आणि उसनवारी देणारा वाणी हे सारे जुन्या पत्त्यावरच राहिले. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की तेथे जाण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल तर कुटुंबाला दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी. निवारा आणि घर यांत फरक आहे, हे यातून दिसून आले.

वळिवड्याची छावणी

छावणीलाही घरपण येऊ शकते काय? महाराष्ट्रातच त्याचे एक विलक्षण उदाहरण घडले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला आणि तेथील लक्षावधी लोकांना सैबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले. थंडी, उपासमार आणि प्रलापक ज्वर यांनी अनेक मेले. १९४२ साली जे सुटले ते कास्पियन समुद्र ओलांडून इराणला आले. त्यांतील सुमारे पाच हजार जणांना, मुख्यतः स्त्रिया आणि मुलांना, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे छावणीत ठेवण्यात आले. १९४८ पर्यंत ही छावणी चालली.

येथेही बराकीच होत्या. पण प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या, पुढे लहानसा व्हरांडा आणि स्वतःची चूल होती. बायका बाजारहाट करीत, आपल्या चवीचे शिजवीत आणि दारापुढे फुलझाडे लावीत. दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाट्यगृह आणि बालवीरांची पथके होती. पोलिश भाषेतून शिकवणाऱ्या शाळा होत्या आणि त्यांत त्यांचेच शिक्षक शिकवीत. कोल्हापूरची उष्ण हवा, हिवताप, परक्या देशाचे दुःख हे सारे होतेच. काहींच्या कबरी आजही कोल्हापुरात आहेत. तरीही तेथे लहानपण गेलेली माणसे पुढे जगभर पांगली, आणि म्हातारपणी ती छावणी पाहायला पुन्हा पुन्हा कोल्हापूरला आली. कोल्हापुरात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभही उभा आहे.

पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले. आज ते गाव गांधीनगर या नावाने ओळखले जाते आणि कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. एकाच बराकीने दोन देशांच्या निर्वासितांना आसरा दिला. पोलिश कुटुंबांना तेथे भिंत आणि दार मिळाले, पत्ता मात्र तात्पुरता होता. सिंधी कुटुंबांनी तोच पत्ता कायमचा केला.

कारण कोणते आणि योगायोग कोणता?

चौकस विद्यार्थी येथे एक शंका काढील. वाईट घरात राहणारे लोक गरीबही असतात. मग आजार गरिबीमुळे की घरामुळे? शंका रास्त आहे. ती दूर करण्यासाठी शास्त्रज्ञ असे दोन गट शोधतात की ज्यांची बाकी परिस्थिती जवळपास सारखी आहे, फक्त घर वेगळे आहे. गोवंडीच्या अभ्यासात तिन्ही वसाहती पुनर्वसनाच्याच होत्या आणि एकाच विभागात होत्या. फरक मुख्यतः इमारतींच्या रचनेत होता, म्हणून त्या निष्कर्षाला वजन येते. तरीही एका पाहणीने कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. हवेचे भौतिकशास्त्र, जंतूंचे जीवशास्त्र आणि वस्तीची पाहणी या तीन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तेव्हा आपली खात्री वाढते.

वर्गात काय करता येईल?

१. वर्गखोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून घनफळ काढा. विद्यार्थिसंख्येने भागा. प्रत्येकाच्या वाट्याला किती घनमीटर हवा येते?

२. उघडणाऱ्या खिडक्यांचे एकूण क्षेत्रफळ मोजा. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार उष्ण व दमट हवामानात ते जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश असावे. आपल्या वर्गाचे उत्तर काय येते?

३. उदबत्ती लावून खिडकी-दारे बंद ठेवा आणि खोलीभर वास पसरू द्या. उदबत्ती बाहेर नेऊन विझवा आणि वास जायला किती वेळ लागतो ते नोंदवा. मग समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून तोच प्रयोग पुन्हा करा.

४. घरातील किंवा परिसरातील वडीलधाऱ्यांना विचारा : आपण या ठिकाणी केव्हा आलो, कोठून आलो, आणि 'हे आपले घर' असे केव्हा वाटू लागले? भांडुप-मुलुंडमध्ये कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून आणि सिंधमधून आलेल्यांची उत्तरे ऐकायला मिळतील.

एक सूचना मात्र पाळावी. मोजमाप आधी शाळेचे करावे. घराचे मोजमाप ज्याला स्वेच्छेने करावेसे वाटेल त्यानेच करावे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने ते आकडे सर्वांसमोर फळ्यावर लिहावेत, अशी वेळ त्याच्यावर आणू नये. आपल्या विषयाचा अर्धा भाग 'दार' हाच आहे, आणि ते उघडायचे की नाही हे त्या मुलाने ठरवायचे.

शेवटी शिक्षकांसाठी एक गोष्ट. वर्षाच्या मध्येच शाळा बदलून आलेला, वर्गात पेंगणारा, वारंवार सर्दी-खोकल्याने गैरहजर राहणारा मुलगा हजेरीपटावर 'अनियमित' ठरतो. त्याला रागावण्यापूर्वी तो कोठून आला आणि रात्री कोठे झोपतो, हे हळूच विचारून पाहावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्यायला सांगावे. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. आणि वर्गात त्याला एक ठरावीक बाक द्यावा. सध्या तेवढाच पत्ता त्याच्याजवळ कायमचा असण्याचा संभव आहे.